ओसरीवरची घोकंपट्टी

समीक्षानं तोंड उघडायच्या आत चंद्राबाईंनी तिन्ही शब्द तिच्या पुढ्यात टाकले.

"विळा, घागर, मोगरा! झालं न्हवं? जाऊ आता? म्हस पिळायची ऱ्हायलीय."

"आजी, मी अजून काही सांगितलंच नाही. आधी मी शब्द सांगणार, मग थोड्या गप्पा मारणार, आणि मग तुम्ही ते आठवून सांगायचे."

"आवं, पर मला येत्यात की. सांगताय कशाला?"

सकाळपासूनची ही सहावी. समीक्षाचं डोकं भणभणायला लागलं. शब्द टॅबलेटमध्ये ठरलेले, ते बदलायची सोय नाही. साठीपुढच्या सगळ्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी संध्याकाळपर्यंत वर पाठवायची होती. विश्रामबागेतून दोन एसट्या बदलून ती या आरोग्य उपकेंद्रात यायची, ती काय पाठांतर ऐकायला?

"कुणी शिकवलं हे?"

"सुभेदारानं, हंबीररावानं. रोज दिवं लागायच्या येळंला ओसरीवर मोठ्यांदी घोकत्यात. जाता-येता आमच्याबी ध्यानात ऱ्हायलं."

म्हणजे पेपर तिथं फुटला होता. पंधरा दिवसांपूर्वी, पहिल्याच दिवशी, सुभेदार बायकोला घेऊन आले होते. साळूबाईंची तपासणी अर्ध्यावर असताना नेट गेलं आणि समीक्षानं त्यांना पुन्हा यायला सांगितलं होतं.

दुपारी दोघं आले. हंबीररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बायकोचा दंड धरला होता. समीक्षानं त्यांना बसूही दिलं नाही.

"सुभेदारसाहेब, ही काय भरती आहे? यात पास-नापास नसतं. ज्याला खरंच विसरायला होतंय, त्याला वेळेत डॉक्टरकडं पाठवायचंय मला. सगळेच पाठ करून आले, तर तो माणूस मला सापडायचा कसा?"

हंबीरराव नुसतं "व्हय, व्हय" करत राहिले. त्याचाच तिला जास्त राग आला.

"आता आजींना विचारते. तुम्ही भिंतीकडं तोंड करा. मागून सांगायचं नाही."

म्हातारा खरंच भिंतीकडं तोंड करून ताठ उभा राहिला. समीक्षानं साळूबाईंना शब्द सांगितले, दोनदा म्हणून घेतले, मग चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी विचारल्या.

"आता सांगा बरं आजी, मघाचे तीन शब्द?"

साळूबाई हसल्या. पदर सारखा केला. परत हसल्या.

दारातल्या रांगेला राहवेना. चंद्राबाई म्हशीला विसरून तिथंच थांबल्या होत्या. "अगं, विळा!" त्या कुजबुजल्या. मागून आणखी कुणीतरी "घागर, घागर" म्हणालं. समीक्षानं कुणालाच गप्प केलं नाही. साळूबाईंनी दाराकडं पाहिलं, घरी पाहुणे आल्यावर पाहावं तसं, आणि म्हणाल्या, "बसा की."

"पंधरा दिस झालं, मॅडम," हंबीरराव भिंतीलाच म्हणाले. "सकाळ-सांज तिलाच शिकवतोय. गावाला पाठ झालं."

समीक्षानं उठून त्यांचा दंड धरला आणि त्यांना आजींकडं वळवलं.