सायबर कॅफेच्या वहीतलं फाटलेलं पान

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हते. लिहिलेलं उद्या कुणाच्या हातात पडेल, नेम नसतो. पण आता माझ्याकडे दिवस थोडे आहेत, म्हणून सांगते.

मी एक जुनी वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. अंबरनाथला, मोरिवलीजवळ मुकेशच्या सायबर कॅफेत माझं आयुष्य गेलं. २००५ साली शाळेतली पोरं केबिनमध्ये बसून नको ते बघतात अशी बोंब झाली. मग पोलिसांचा हुकूम आला: प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, वय आणि पत्ता लिहा. मुकेशने पट्टीने माझे रकाने आखले. अठराच्या आतल्या पोरांना तो स्वतःसमोरच बसवायचा.

माझं कौतुकही झालं. चाळिशीचा एक माणूस चॅटवर सोळाचा बनून एका शाळकरी मुलीला भेटायला बोलवत होता. माझ्यातल्या पत्त्यावरून तो सापडला. मुलीची आई भागीरथी माझ्या पुठ्ठ्याला हात लावून पाया पडली. मी फुगले. मुकेश तर माझ्याहून जास्त.

नरेंद्र मुकेशचा जिगरी. दोघं एकाच बुद्धविहाराच्या गल्लीत वाढलेले. नरेंद्रचं शलाकावर प्रेम, ती मोरिवलीच्या शेतकरी घरातली. दोघं एकवीस वर्षांचे, सज्ञान. पण तिचा काका हिंदुराव नरेंद्रच्या जिवावर उठला होता, म्हणून तो आनंदनगरला एका खोलीत लपला होता. शलाकाचे मेल वाचायला तेवढा कॅफेत यायचा. मुकेशला हे सगळं माहीत होतं. तरी त्याने मला पुढे सरकवलं.

"आता राहतोस तिथला पत्ता लिही."

"येड्या, मी लपलोय ना."

"वही माझ्याकडेच असते रे. आणि दोस्ताला वेगळा नियम लावू काय?"

नरेंद्रने हसत लिहिलं. आणि मुकेश मला काउंटरवर उघडीच ठेवायचा, कुणीही चाळावं अशी.

एका मंगळवारी दुपारी हिंदुराव दोन माणसं आणि लोखंडी पाइप घेऊन आला. नरेंद्र कुठाय, विचारलं. मुकेश म्हणाला, माहीत नाही. पहिला फटका मॉनिटरवर बसला, दुसरा मुकेशच्या तोंडावर. त्याचे दोन दात माझ्या रकान्यांवर पडले. तरी त्याने तोंड उघडलं नाही. हिंदुरावने दात बाजूला सारले, माझ्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे पान फाडून खिशात घातलं.

पुढचं मी सरकारी दवाखान्यात ऐकलं. मुकेश मला पिशवीत घालून तिथे गेला होता. हिंदुराव आणि त्याच्या माणसांनी नरेंद्रचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून तीन ठिकाणी मोडला. "आता टाइप कर," म्हणाले. मग गुडघा फोडला.

मित्रांनो, लहानांना सांभाळाच. वय विचारा. पण कुणाचं घर असं उघड्यावर मांडू नका. ती मुलगी माझ्यामुळे वाचली, आणि नरेंद्रचा हातही माझ्यामुळेच गेला.

सुजलेल्या तोंडाने मुकेश म्हणाला, "नरू, ओळखपत्र बघेन आणि परत देईन. पत्ता कुणाचा लिहिणार नाही."

"दुकान बंद करतील."

"करू देत."

"आणि तो चाळिशीवाला परत आला तर?"

मुकेशने मला पिशवीतून बाहेर काढलं. "पोरांच्या शेजारी मी बसेन. रोज. वहीच्या भरवशावर नाही सोडणार."

मग त्याने मला पलंगावर ठेवलं. "तू घरी आलास की ही जाळू. काडी तूच ओढायची. डाव्या हाताने जमेपर्यंत थांबतो मी."