थोरलीचं पांढरं

टेबलाशी बसताना थोरली मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि मगच पहिली मूठ काळ्या कापडावर पसरायची. हा तिचा बावीस वर्षांचा नेम. अलीकडे मात्र नाव अर्ध्यावर असतानाच जांभई यायची. मग ती तोंडावर हात धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. जांभईत घेतलेलं नाव देवानं धरलं तरी आपण धरू नये, असं तिला वाटे.

कारखाना औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचा. माप एकच, रंग दोन. पांढरं झाकण मोठ्यांच्या औषधाला, क्रीम लहान मुलांच्या. औषध तेच, पण मोठ्यांचं चौपट कडक. दोन्ही साच्यांतून झाकणं एकाच पट्ट्यावर पडत आणि एकमेकांत मिसळून निवडायच्या खोलीत येत. तिथं खिडकीखाली सहा बायका बसून ती वेगळी करत.

"लेबल वाचतंय कोण?" नवी बाई आली की थोरली तिला पहिल्याच दिवशी सांगे. "पोर तापानं फणफणलेलं असलं की आई झाकण बघून बाटली उचलते. तेव्हा बाई, गप्पा मारायच्या तर खुशाल मार, पण डोळे इथं ठेव."

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. घरी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत आणि इथं एका बाकावर बसत. खरी नावं दोघींनाही होती, पण ती हजेरीच्या कागदापुरती. थोरलीचा हात झरझर चाले. ट्रे भरला की धाकटी उठे, "तुम्ही बसा ताई, गुडघे दुखतील," म्हणे आणि दोघींचे ट्रे घेऊन पलीकडच्या पेट्यांत ओतायला जाई. तिथं तिला बराच वेळ लागे.

"दोन ट्रे ओतायला गेलीस की माहेरी?" थोरली विचारी.

"माहेरी इतकी पायपीट कोण करायला लावतं ताई," म्हणून धाकटी हसे आणि पुन्हा निवडायला लागे.

मग यंत्र आलं. त्याच्याबरोबर ते बसवणारा गृहस्थ आला. पन्नाशीचा, डोळ्यांखाली पिशव्या, महिन्यातले वीस दिवस परक्या खाटेवर काढून आंबलेला. बायकांनी त्याचं नाव दिवेवाले ठेवलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की तिघींनी खाली साच्यांकडे जायचं, दोघींनी पॅकिंगला, आणि एकीनं यंत्रापाशी बसून तासातासाला माल तपासायचा. ती एक कोण, हे कोणी विचारलंच नाही.

"थोरलीचा डोळा म्हणजेच आपला नमुना," साहेब म्हणाले.

थोरलीच्या मनात आलं ते एवढंच, की यंत्रापाशी पाठ टेकायची खुर्ची आहे. पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागे. नोकरीची दोन वर्षं राहिली होती आणि ती दोन वर्षं उभ्यानं काढायची ताकद तिच्या गुडघ्यांत नव्हती. तशी वेळ आली असती तर घरी बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मावशी, जरा इकडे येता?" दिवेवाल्यांनी हाक मारली.

"मावशी कोणाला म्हणता? तुमचं डोकं माझ्याहून जास्त पिकलंय."

"बरं, ताई. या ताई, हे बघा."

काडेपेटीएवढी काळी डबी होती, तिला एकच काचेचा डोळा. झाकणं एकामागोमाग एक तिच्याखालून जाणार, वरून दिव्याचा झोत पडणार, झाकणावरून परतलेला उजेड तो डोळा बघणार. क्रीम दिसलं की पुढच्या नळीतून हवेची फुंकर सुटणार आणि झाकण डावीकडच्या पेटीत जाणार. पांढरं असलं तर सरळ पुढं.

"पण त्याला कळणार कसं, पांढरं कुठलं ते?"

"त्याला काही कळत नाही. तुम्ही तीनशे पांढरी निवडून द्या, तीनशे क्रीम द्या. मी ती त्याला दाखवतो. तुमच्या पांढऱ्यांतलं सगळ्यात उजळ नि सगळ्यात मळकट, दोन्ही तो ध्यानात ठेवतो. त्यांच्या मध्ये बसलं ते पांढरं. स्वतःचं डोकं नाही, म्हणून वादही घालत नाही."

"आमच्या घरातल्यांना असं शिकवायचं राहूनच गेलं," थोरली म्हणाली.

धाकटी त्याच सकाळी पॅकिंगला गेली होती. बाकावर थोरली एकटी. एक ट्रे उजवीकडे, एक डावीकडे. अलीकडे पांढरं म्हणून जे होतं ते सगळंच तिला धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं दिसे. आधी तिनं खिडकीच्या काचेला दोष दिला आणि ती पुसून घेतली. मग दिव्याला दिला. शेवटी थकव्याला दिला, आणि थकवा कधी नाही म्हणत नाही. बोटांच्या सवयीनं तिनं सहाशे झाकणं वेगळी केली.

दिवेवाल्यांनी ती एकेक करून डबीखाली धरली. पुढ्यातल्या पडद्यावरचे आकडे बघत ते थोडे थबकले.

"ताई, तुमची पांढरी जरा पसरलीत. काही तर क्रीमच्या अगदी दाराशी आलीत. नक्की ना?"

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "नक्की," ती म्हणाली.

यंत्र सुरू झालं. पट्ट्याची घरघर, मध्येच एक फुस्स, पुन्हा घरघर. दर तासाला थोरली पांढऱ्या पेटीतली शंभर झाकणं काळ्या कापडावर पसरायची, न्याहाळायची आणि कागदावर सही करायची. एकही चुकलेलं सापडलं नाही. कधी नव्हे ती पाठ टेकली होती. तरी संध्याकाळी घरी जाताना अंगात जोर म्हणून नसे.

धाकटी मात्र रोज दीड-दोन तास उशिरा घरी यायला लागली. आली की पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकायची. डोळे लाल.

"पॅकिंगमध्ये असे काय डोंगर उपसतेस ग?" थोरलीनं विचारलं.

"नवीन आहे ना ताई. हात बसेपर्यंत लागतो वेळ."

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत थोरली आपला डबा घेऊन पॅकिंगच्या खोलीत गेली. बाकी सगळ्या बाहेर जेवायला बसल्या होत्या. भिंतीशी पिशव्यांची रास, आणि राशीमागे फरशीवर धाकटी. समोर पिशवीचं तोंड सोडलेलं, मांडीवर झाकणं, शेजारी त्यांतून काढलेला एक ढीग. थोरलीला बघून ती एकदम उठायला गेली आणि ढीग फरशीवर पसरला.

"हे काय ग?"

"काही नाही ताई."

"पॅक झालेली पिशवी का उघडलीस? आणि पांढऱ्यांतनं पांढरी वेचून बाजूला का काढतेस?"

धाकटी पसरलेली झाकणं गोळा करायला लागली. मग तिनं तेही थांबवलं.

"अगं बोल की."

"ताई, ही क्रीम आहेत."

थोरलीनं फरशीवरची मूठभर उचलली. दुसऱ्या मुठीत पिशवीतली घेतली. दाराशी जाऊन दोन्ही तळवे उन्हात धरले. डावा बघितला, उजवा बघितला. एकाच कोंबडीची अंडी असावीत तसं. तिनं हात खालीवर केले, मान तिरकी केली. ऊन लख्ख होतं. दोष द्यायला आता काच नव्हती की दिवा नव्हता.

"यातली पांढरी कुठली?"

"उजव्या हातातली."

थोरली परत येऊन एका भरलेल्या पिशवीवर बसली. बाहेर कोणी तरी मोठ्यानं हसलं.

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"म्हणजे ट्रे ओतायला जायचीस तेव्हा..."

"तिथं उभ्याउभ्या काढायचे. पंधरा-वीसच असायची ताई. जास्त नसायची."

"जास्त नसायची," थोरली म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? वर्षभर माझ्या मागे उभी राहून माझं उष्टं काढत होतीस?"

"काय सांगू? मला इथं आणलं कोणी? तुम्ही. हे पांढरं नि हे क्रीम असं हाताला धरून दाखवलं कोणी? तुम्ही. आता तुम्हालाच कोणत्या तोंडानं सांगू, की ताई, तुम्हाला दिसत नाही म्हणून?" धाकटीनं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले. "त्या दिवशी मला पॅकिंगला धाडलं नि तुम्हाला एकटीला निवडायला बसवलं, तेव्हाच मी पिशव्या उघडायचं ठरवलं. यंत्राला ट्रे ओतायला मध्ये कोणीच नाही ना."

थोरलीला रागही धड टिकवता येईना. त्यालाही जोर लागतो. रोज ती देवापुढे डोळे मिटून बसे. मिटलेल्या डोळ्यांना पांढरं काय नि क्रीम काय. तिथंही बरंच झाकून राहिलं होतं.

"बाहेर किती गेलं?"

"एकही नाही. गाडी उद्या सकाळी येणार. एकतीस पिशव्यांतल्या अकरा माझ्या बघून झाल्यात."

"आणि राहिलेल्या वीस?"

"आज बसते ना. होतील."

"आणि परवा पुन्हा भरतील त्यांचं काय?"

"ताई, दोनच वर्षं तर आहेत तुमची. मी काढत जाईन. निभेल."

निभलंही असतं. थोरलीनं खरोखर क्षणभर तसा विचार करून पाहिला. ती खुर्चीत बसेल, सही करेल, धाकटी सुट्टीत नि संध्याकाळी राशीमागे बसेल. एखाद्या दिवशी धाकटीला ताप येईल. त्या दिवशीची पिशवी तशीच जाईल. कुठल्या तरी घरात कडक औषधाच्या बाटलीवर क्रीम झाकण बसलेलं असेल आणि एक आई ती बाटली उचलेल.

"मी तिथं पाठ टेकून बसायचं आणि तू इथं फरशीवर माझं पाप वेचायचं," ती म्हणाली. "नको ग बाई. ऊठ."

दिवेवाले वायरींची भेंडोळी करून पेटीत भरत होते. तीनच्या गाडीनं ते घरी निघणार होते.

"दिवेवाले, तुमचं यंत्र पांढऱ्यात क्रीम सोडतंय."

"यंत्र चुकत नाही ताई."

"नाहीच चुकत. मी दाखवलं तेच करतंय ते. चुकले मी." एवढं बोलून थांबावं असं तिला वाटलं, पण अर्धं सांगून भागणार नव्हतं. "मला दोन्ही सारखीच दिसतात."

दिवेवाल्यांनी हातातली भेंडोळी खाली ठेवली. त्यांनी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मी विचारलं होतं तुम्हाला. नक्की का, म्हणून."

"विचारलं होतंत. मी नक्की म्हटलं."

त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि फोन कानाला लावला. "अगं, मी उद्या येतो... नाही, यंत्र ठीक आहे... माणसं, दुसरं काय." फोन ठेवून ते म्हणाले, "माझ्या आईचंही असंच झालं होतं. दूध पिवळं पडलंय, नासलंय म्हणून दोन महिने चांगलं दूध ओतून देत होती. बोलवा कोणाला तरी, ज्यांना दिसतंय त्यांना."

साहेब आले. "थोरले, मी तुझ्या भरवशावर..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. ते गिळलेलं थोरलीला बोललेल्यापेक्षा जड गेलं. धाकटी दाराशीच अडून राहिली होती.

"मी नाही ताईंच्या जागेवर बसणार."

"जागेवर माझं नाव कोरलंय का? बस. तीनशे नि तीनशे निवडून दे त्यांना. कोणी नक्की का म्हणून विचारलं तर पुन्हा एकदा बघ, नि मग सांग."

"आणि तू काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"पॅकिंगला जाते. झेपेल तितके दिवस."

साच्यांकडे गेलेल्या तिघींना साहेबांनी वर बोलावून घेतलं. पॅकिंगच्या खोलीत टेबल ओढलं, त्यावर काळं कापड आलं. वीस पिशव्या एकेक करून रित्या होऊ लागल्या. बायकांची बोटं चालत होती, तोंडंही चालत होती. थोरलीला त्यांच्यात बसता येईना आणि तशीच घरीही जाववेना. शेवटी ती टेबलाच्या कडेला उभी राहिली आणि निवडून झालेल्या पांढऱ्यांसाठी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरू लागली.

"थोरल्या बाई, नीट धरा, तोंड मिटतंय."

"तुझं मिटलं असतं तर एव्हाना दहा पिशव्या झाल्या असत्या."

हसू उसळलं नि विरलं. पलीकडच्या खोलीतून पट्ट्याची घरघर येत होती. ती थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. मध्ये धाकटीचा आवाज येई, "हे नको, हे बाजूला ठेवा." गुडघ्यांतून कळ वर चढली की थोरली एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेई. कोणी तरी डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता सांगितला. मोतीबिंदूचं साधं काम असतं, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, म्हणाली. थोरलीनं मान हलवली. जायचंच होतं. आज नाही एवढंच.

पिशवी काठोकाठ भरली. तिनं तोंड आवळलं, दोरी दोनदा फिरवून गाठ मारली. शेजारी चिकटवायच्या पट्ट्यांचे दोन गठ्ठे होते, पांढऱ्या मालाला पांढऱ्या पट्ट्या नि क्रीम मालाला क्रीम. तिनं एका गठ्ठ्यातली पट्टी उचलली, हातात धरून ठेवली, आणि मग जवळच्या बाईपुढे केली.

"ही पांढरीच ना ग?"

"पांढरीच आहे."

"मग चिकटव," थोरली म्हणाली, आणि पुढच्या पिशवीचं तोंड उघडून धरलं.