डॉक्टरांना हवी असलेली आई

व्हिन्स फारुजिया सव्वीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या कत्तलखान्यात मेंढ्यांची पोटं फाडायच्या कामावर होता. कत्तलखाना बंद पडल्यावर नऊ वर्षं तो घरात बसून होता. चार प्रकारच्या गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले, तरी सकाळचे दात घासायला त्याला दुपार व्हायची. शेवटी तो आमच्या दवाखान्यात आला. डॉक्टर प्रेंटिस भास घडवणाऱ्या मशरूममधलं औषध देऊन नैराश्यावर उपचार करायचे. औषधाच्या वेळी खोलीत दोघं लागतात, त्यातली दुसरी मी. लिओनी, नर्स.

औषधाआधी तीन बैठका झाल्या. व्हिन्स मोजकंच बोलायचा, पण डॉक्टर आले की खुर्चीत सावरून बसायचा. इतक्या वर्षांत कुणी त्याचं सलग तासभर ऐकून घेतलं नव्हतं. शेवटच्या बैठकीत स्पर्शाचं ठरलं. त्याने हात वर केला तरच, आणि तेव्हाही फक्त हातच धरायचा. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

ठरल्या दिवशी नऊ वाजता कॅप्सूल घेऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून तो आडवा झाला. तासाभरात त्याला दरदरून घाम फुटला. ओकारी येतेय म्हणाला, मी भांडं पुढे धरलं. वास येतोय, गरम आतड्यांचा, नखांत गेलाय, असं तो सांगायला लागला. मग म्हणाला, "कधी कधी गाभण मेंढ्या यायच्या. पोट फाडलं की आतलं पिल्लू पाय हलवायचं. ते बादलीत टाकायचं. मीच टाकायचो."

मला वाटलं, आता हा बोलेल. नऊ वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडतंय.

डॉक्टरांना ते नको होतं. ते पुढे वाकले आणि त्यांनी व्हिन्सच्या कपाळावर तळवा ठेवला. व्हिन्सने हात वर केलाच नव्हता.

"सोड ते, व्हिन्स. उजेडाकडे जा. आई आलीय तुझी, बघ."

व्हिन्स मान हलवत राहिला. डॉक्टर त्याच मऊ, गुळचट आवाजात आई, आई करत राहिले, कपाळ चोळत राहिले. वीसेक मिनिटांनी व्हिन्स रडायला लागला आणि म्हणाला, "हो. आलीय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. मला शिसारी आली. मी गप्प बसले.

संध्याकाळी, फरशी अजून हलतेय असं तो सांगत असताना, डॉक्टरांनी त्याच्यापुढे एक कागद सरकवला. सकाळी त्याने रेकॉर्डिंगला फक्त प्रशिक्षणापुरती परवानगी दिली होती. या कागदात ते कुठेही दाखवायची मुभा होती. त्याने न वाचता सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली.

पुढच्या बैठकांत डॉक्टर आईबद्दल विचारायचे आणि दर वेळी व्हिन्स थोडं जास्त सांगायचा. तिचा झगा, तिचे ओले हात, तिने म्हटलेलं एखादं वाक्य. बैठकीआधी भरायच्या प्रश्नावलीतलं त्याचं नैराश्य झपाट्याने उतरत होतं. एकदा बाहेरच्या बाकावर त्याने मला विचारलं, "सिस्टर, आज बरं झालं ना? डॉक्टर खूश दिसले."

झोप लागते का, असं मी विचारलं.

"नाही. पण त्यांना कशाला सांगू? एवढं करताहेत माझ्यासाठी."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये देणगीदारांसाठी जेवण ठेवलं होतं. व्हिन्स इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. लोक कोळंबी सोलत असताना डॉक्टरांनी रेकॉर्डिंग लावलं. बादल्यांचा भाग कापून टाकला होता. व्हिन्सचं हुंदके देणं हॉलभर घुमलं आणि बायका-पुरुष ओल्या बोटांनी रुमाल डोळ्यांना लावायला लागले. मग डॉक्टरांनी त्याला चार शब्द बोलायला उभं केलं.



"आई आली नव्हती," तो म्हणाला. "मी दोन वर्षांचा असताना ती गेली, मला तिचा चेहराही आठवत नाही. बादल्या होत्या. डॉक्टर थांबेनात, म्हणून हो म्हटलं."

डॉक्टर हसले. हाही उपचारातलाच एक टप्पा असतो, असं त्यांनी पाहुण्यांना समजावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. व्हिन्सने तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला आणि निघून गेला.

मी त्याच्या मागे पार्किंगपर्यंत धावले. पूर्ण रेकॉर्डिंग शाबूत आहे, मी तक्रार करते, असं सांगितलं. साक्षीदार म्हणून केलेल्या माझ्या सहीचंही सांगितलं.

"तुम्हीपण तिथेच होतात, सिस्टर," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

मी तक्रार दिली, त्यात स्वतःचं नावही घातलं. चौकशी आठ महिने चालली. डॉक्टरांचं औषध देणं बंद झालं. माझी नोकरी गेली, परवाना सहा महिने स्थगित झाला.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी व्हिन्स भेटला. आता तो एका समुपदेशक बाईंकडे जातो, औषधाशिवाय. मी विचारलं, बरं वाटतं का? तसं फारसं नाही, पण त्या बाई बादल्यांबद्दल ऐकून घेतात, असं तो म्हणाला. तुम्हाला पत्र लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं.



"नको," तो म्हणाला.