वेदश्रीचे हरवलेले चार दशांश

या, या, पुढं सरका. दारात कशाला बसता, गार वारा लागतोय. इथं सतरंजीवर ऐसपैस जागा आहे. हातातली प्रसादाची वाटी संपवा, मग मन इकडं द्या. आजची कथा देवाची नाही, माणसांचीच आहे. तरी देव तिच्यात कुठून तरी येऊन बसलाय. कुठून, ते मला नीट उमगलेलं नाही, आणि जिची कथा तिलाही नाही. कथा आहे चार दशांश सेकंदांची. चार दशांश म्हणजे केवढे? तुम्ही ‘राम’ म्हणायला घेतलंत तर ‘रा’ बाहेर पडलेला असतो आणि ‘म’ अजून ओठांशी असतो, एवढे. एवढ्यासाठी एका शहाण्या मुलीनं तीन दिवस डोकं धरून बसायचं म्हणजे बघा.

धारवाडच्या मळमड्डीत सुमनबाई राहतात. मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आता दत्ताच्या देवळातल्या उत्सवाचं सगळं त्यांच्या अंगावर. त्यांची एकुलती एक मुलगी वेदश्री. रोज सकाळी बसनं हुबळीला जायची, गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात. तिथं व्हॉल्व्ह बनतात, आणि ते बरोबर बनलेत का हे मोजायचं काम हिचं. मिलिमीटरचा शंभरावा भाग तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन थेट वरच्या खोलीत. तिथं लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं एक स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर मोठा पडदा. त्यात शर्यतीची गाडी पळवायची. पोरखेळ म्हणू नका हं. बेंगळूरच्या एका संघानं देशभरातल्या खेळणाऱ्यांना एकच ट्रॅक दिला होता. घरबसल्या फेरी मारायची. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ज्या वीस जणांची वेळ सगळ्यांत कमी, त्यांना अंतिम शर्यतीला बोलावणं. वयाची अट अठ्ठावीसच्या आतली. वेदश्री जानेवारीत अठ्ठावीसची होणार होती, आणि हा होता डिसेंबर. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

विसाव्या माणसाची वेळ होती एक मिनिट अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन. वेदश्रीची अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. महिनाभर ती त्या सहावर खिळली होती. कितीही जोर लावा, ब्रेक कितीही उशिरा मारा, सहा म्हणजे सहा. पडद्यावर तिच्याच सगळ्यांत चांगल्या फेरीची एक अर्धवट पारदर्शक गाडी पुढं पळत असे, आणि ही तिच्या मागं. आपल्याच मागं आपण पळायचं आणि आपल्यालाच गाठता येऊ नये, याला काय म्हणावं?

आता गुरुवारची गोष्ट ऐका. शुक्रवारपासून देवळात तीन दिवस कीर्तन. पण सभामंडपाला लावलेला चुना वाळला नव्हता, म्हणून कीर्तनाचं सामान एका रात्रीपुरतं सुमनबाईंकडं आलं आणि वरच्या खोलीत ठेवलं गेलं: नारदाची तसबीर, वीणा, झांजा आणि तबल्याची जोडी. वेदश्री आली, दार उघडलं, समोर नारद. एरवी ती पेडलपाशी ठेवलेले शर्यतीचे बूट घालून बसायची. चेतननं पाठवलेले, खऱ्या ड्रायव्हरांसारखे, घोट्याशी पट्टा असलेले. रस्त्यावर ते कधी गेले नव्हते, तरी “घरात पायताण!” म्हणून सुमनबाई रोज एकदा कुरकुरत. त्या दिवशी वेदश्रीनं ते बूट उचलले, दाराबाहेर जिन्यावर ठेवले आणि येऊन बसली. तसबिरीसमोर पायताण ठेवत नाहीत, एवढंच. ते करताना तिच्या मनात काही आलंसुद्धा नाही. देवळात शिरताना चपला कुठल्या पायरीवर काढल्या हे कुणाला आठवतं? पण तुम्ही ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा.

आणि त्या संध्याकाळी, तिसऱ्याच फेरीत, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पुढची पारदर्शक गाडी मागं पडली. पहिल्या टप्प्यात दोन दशांश वाचले, दुसऱ्यात आणखी दोन. शेवटच्या वळणावर मात्र हर्षानं हात हलला आणि दोन चाकं पांढऱ्या पट्ट्याबाहेर गेली. पडद्यावर आकडा आला, अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन, आणि त्याच्यावर लाल रेघ. पट्ट्याबाहेर गेलेली फेरी धरत नाहीत. तिची नोंदही ठेवत नाहीत. ब्रेक कुठं दाबला, किती दाबला, सगळं पुसलेलं.

तिनं लगेच चेतनला फोन लावला. चेतन तिच्याबरोबर कॉलेजात होता, आता बेंगळूरला, आणि याच स्पर्धेत सोळावा.

“दोन आले!”

“हौदा? खरंच? काय केलंस?”

“तेच कळेना.”

“अगं, काहीतरी केलं असशील की!”

“काही नाही रे. बसले आणि चालवली.”

“मग उद्या पण बस आणि चालव,” चेतन म्हणाला. “ह्यात काय विचारायलीस?”

शुक्रवारी सकाळी सामान देवळात गेलं. सुमनबाईंनी खोली झाडून बूट पेडलपाशी ठेवून दिले. संध्याकाळी वेदश्री आली, बूट चढवले, पट्टे आवळले आणि बसली. चाळीस फेऱ्या. सहा. सहा. सात. सहा.

मग ती तपासनीसासारखा विचार करायला लागली. कारखान्यात एखादा नग बिघडला की काल काय होतं आणि आज काय बदललं, याची यादी करतात. तिनं वही घेतली. गुरुवारी चहाबरोबर चुरमुऱ्याचं गिरमिट खाल्लं होतं. पंखा तीनवर होता. निळा कुडता होता. येताना बसमध्ये उभी होती, बसायला मिळालं नव्हतं. शनिवारी तिनं एकेक करून सगळं परत केलं. जिन्यावरून ओरडली, “आई, आज पण गिरमिट आण!”

“परवाच खाल्लंस की!”

“आण गं, काम आहे.”

“चुरमुऱ्याचं काय काम?” सुमनबाई म्हणाल्या, पण आणलं. निळा कुडता ओला होता, तो तसाच इस्त्री करून घातला. सुट्टी असून अर्धा तास खोलीत उभी राहिली, कारण गुरुवारी बसमध्ये उभी होती. सुमनबाई दारातून बघत होत्या, म्हणाल्या, “शिक्षा केलीय का कुणी?” फेऱ्या मारल्या. सात. सहा. आठ!

“सांगू का?” सुमनबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “गुरुवारी तुझ्या खोलीत कोण होतं? नारद. तीन लोकांत फिरणारा. त्याच्यासमोर तुझी ती गाडी पळणार नाही तर काय?”

“आई, तू गणित शिकवायचीस.”

“म्हणूनच सांगते. एक वस्तू होती तेव्हा उत्तर आलं, ती काढल्यावर येईना. मांड की गणित.”

वेदश्रीला हसू आलं, आणि मग हसू विरलं. कारण वहीतल्या यादीत खरोखरच दुसरं काही उरलं नव्हतं. शनिवारच्या कीर्तनाला ती मागं जाऊन बसली. बुवा नामदेवाच्या प्रेमाचं आख्यान लावत होते, लोक डोळे पुसत होते, आणि ही नारदाच्या तसबिरीकडं टक लावून बघत होती, उसने मागायला आलेल्या शेजारणीसारखी. शेवटी आईच्या कानाशी लागली, “एका तासापुरती घरी नेता येईल का गं?”

“वेडी का काय! कीर्तनाची ही नारदाची गादी, एकदा मांडली की उत्सव उठेपर्यंत हलवत नाहीत.”

ती मान खाली घालून बसली. तिला कळेना, आपण शंभरावा भाग मोजणारी मुलगी, आणि आता देवाची तसबीर उधार मागतोय. मागतोय हे चूक, की दोन दिवसांपूर्वी खोलीत होती तेव्हाच मागितली नाही हे चूक? आरतीच्या वेळी तिनं हात जोडले, पण काय मागावं ते ठरेना. ‘वेळ दे’ म्हणावं तर देव म्हणेल, कमी देऊ का जास्त?

रविवारी दुपारी काल्याचं कीर्तन झालं, प्रसाद वाटला, उत्सव उठला. चार वाजता वेदश्री पुन्हा पेडलांशी. विसाव्याची वेळ अजून तीनच होती. पायात बूट, कपाळावर घाम, आणि आकडा सहा. तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी धापा टाकत चढायला लागलं.

ते होते जयतीर्थअण्णा, बुवांचे तबलजी. सत्तरीचे, गुडघे धरलेले, मूळचे हावेरीकडचे. घरी कन्नड, कीर्तनात मराठी, आणि लहान मुलगी दिसली की तिला ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण म्हणणार. बुवा कारनं परस्पर पुढं गेले होते. अण्णांची बस साडेपाचची, तोवर तबला कुठं ठेवायचा? सुमनबाईंनी वर पाठवलं होतं.

“इथं ठेवू का, तंगी? कोपऱ्यात. याला ऊन लागलं की सूर चढतो, माझ्यासारखा.”

“ठेवा अण्णा,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

अण्णांनी तबला ठेवला, डग्गा ठेवला, गुडघा चोळला. वेदश्रीनं मान वळवली तर ते तिच्या पायांकडं बघत होते.

“तबल्यासमोर पायताण?” ते हळूच म्हणाले. रागावले नव्हते, ओशाळले होते, जणू चूक त्यांचीच.

“अय्यो! चुकलं अण्णा.” तिनं पट्टे काढले, बूट उचलून बाहेर जिन्यावर ठेवले, तबल्याला हात लावून नमस्कार केला आणि परत बसली. पुढची फेरी सुरूच होणार होती.

पहिलं वळण. तिनं ब्रेकवर पाय ठेवला, आणि ठेवल्याबरोबर काहीतरी वेगळं लागलं. तळव्याला लोखंड गार लागलं. पेडल किती आत गेलंय, किती उरलंय, हे तळव्याला कळत होतं. बुटातून ती नुसतं दाबायची आणि सोडायची. आता पाय आपोआप थोडा थोडा सुटत होता, आणि जसजसा सुटत होता तसतसं गाडीचं नाक वळणात शिरत होतं. मागं अण्णा वेळ जावा म्हणून डग्ग्यावर एका बोटानं काहीतरी वाजवत होते. पारदर्शक गाडी मागं पडली. शेवटच्या वळणावर वेदश्रीनं श्वास रोखला, पट्ट्याच्या एक वीत आत राहिली. अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. रेघ नाही.

ती किंचाळली तशा सुमनबाई लाटणं घेऊनच वर आल्या. “पडलीस?”

“आले! दोन आले!”

“बघ! तबला काय, तसबीर काय, गादी एकच!”

“गादी नाही गं आई, बूट! बूट नव्हते गुरुवारी! हे कसं आलं नाही माझ्या वहीत?”

“वहीत कसं येईल?” सुमनबाई म्हणाल्या. “देवासमोर पायताण काढणं हे काही करणं आहे का?”

अण्णांना यातलं काहीच कळलं नव्हतं. पडद्यावरची गाडी कुणाची, शर्यतीत दुसरं कुणीच कसं नाही, हेही नाही. ते एवढंच म्हणाले, “बूट घालून पायाला काय कळणार, तंगी? मी हातमोजे घालून तबला वाजवीन का? आवाज येईल की. सम येणार नाही.” मग घड्याळ बघितलं, “बस!” म्हणाले, आणि एका हातात तबला, एका हातात डग्गा घेऊन निघाले. सुमनबाईंनी चपात्या बांधून द्यायच्या आत ते रिक्षात बसलेले.

सहा वाजता यादी लागली. शेवटच्या दहा मिनिटांत आणखी दोघं वर चढले. वेदश्री अठरावीची विसावी झाली. विसावी म्हणजे आत.

चेतनचा फोन आला. “काय केलंस?”

“बूट काढले.”

“हौदा?” त्यानं फोन ठेवला. अर्ध्या तासानं परत आला. “मी पण काढले. तीन दशांश हळू झालो! पाय घसरतो माझा. हे कसं काय?”

रात्री तिनं त्या फेरीचा आलेख उघडला. ब्रेकची रेघ पूर्वी कड्यासारखी सरळ तुटायची, आता डोंगराच्या सोंडेसारखी उतरत होती. म्हणजे बूटच. पण मग चेतन? म्हणजे नारदच? पण नारद तर देवळात होता. की तबला? की तो अण्णांचा एका बोटाचा ठेका, जो तिनं ऐकला होता की नाही हेही तिला आठवत नव्हतं? तिनं वही उघडली, ‘बूट’ लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि मिटली.

अंतिम शर्यतीचा अर्ज भरायचा होता. त्यात प्रशिक्षकाचं नाव विचारलेलं. तिनं लिहिलं: जयतीर्थ. आडनावापाशी थांबली. खाली जाऊन आईला विचारलं. सुमनबाईंनी उत्सवाची पत्रिका काढली. त्यात बुवांचं नाव ठळक, पेटीवाल्याचं त्याखाली, आणि तबल्याची साथ पुढं नुसती टिंबं. छापताना कुणाला आठवलं नव्हतं. फोन नंबर बुवांकडं मिळेल, उद्या विचारू, असं दोघींनी ठरवलं. आडनावाची जागा तिनं तोवर कोरीच ठेवली.

अण्णांना अजून माहीत नाही की त्यांची तंगी विसावी आली. हावेरीकडं कुठंतरी गुडघा चोळत बसले असतील. तेव्हा एवढं करा: पुढच्या वेळी कीर्तनाला जाल, बुवांच्या गळ्यात हार पडेल, तुम्हीही हात जोडाल, तेव्हा थोडी मान कलती करून मागं तबल्याकडं बघा, आणि जयतीर्थअण्णांची आठवण काढा.