धूर नसलेलं डिझेल

बोटीच्या इंजिनाचा धूर आता छातीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून धर्मा मच्छीमार नगरात दाराशी बसून जाळी दुरुस्त करायचा. बोट त्याचा धाकटा भाऊ दिनेश न्यायचा.

गणपती झाल्यावर अनुजा आली. गिरगावातली मुलगी, इंधन बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. उन्हापासून मिळणारी वीज वापरून पाणी आणि कारखान्यांच्या धुरातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड यांचं डिझेल करायचं, असं त्यांचं काम. ते एखाद्या मासेमारी बोटीवर चालवून बघायचं होतं. धर्मानं आपली बोट दिली. कंपनीनं तिच्यावर या डिझेलची वेगळी टाकी बसवली.

इंजिन सुरू झालं तेव्हा त्यानं सवयीनं नाकाला फडकं लावलं. मग हळूच काढलं. धूर जवळजवळ नव्हताच. त्या हिवाळ्यात तो पुन्हा समुद्रावर गेला. रात्री उशांना टेकून बसणारा माणूस आडवा होऊन झोपायला लागला, असं त्याची बायको दमयंती शेजारणींना सांगायची.

होळीनंतर अनुजा परत आली ती टेम्पो घेऊन.

"काका, टाकी न्यायला आलेय. आता जेवढं इंधन बनेल ते सगळं विमानांसाठीच बनणार. विमानं बॅटरीवर लांब जात नाहीत ना."

"आणि आमची बोट जाते?" दमयंतीनं विचारलं.

अनुजानं टेम्पोतून उतरलेल्या माणसांना हातानं थांबायची खूण केली.

"एका बोटीपुरतं ठेवा गं बाय. तुझ्या साहेबाला सांग, यांची छाती कशी आहे ते."

अनुजानं तिथूनच फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण माझ्याही हातात काही नाही गं."

माणसं टाकी सोडवायला लागली. धर्मानं आपणहून दोर धरला. तो चिडला असता तर अनुजाला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसऐवजी धक्क्यावरच गेली. बोटीत नेहमीचं डिझेल भरलं होतं. दमयंती नको म्हणत असताना धर्मा चढला. इंजिनानं काळा लोट सोडला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. शेवटी दिनेशनं आणि एका खलाशानं त्याला धरून खाली उतरवलं.

"जा तुम्ही," धर्मा म्हणाला. "ओहोटी लागेल, पाणी उतरेल."

बोट निघाली. दमयंती त्याची पाठ चोळत राहिली. अनुजानं बाटलीतलं पाणी पुढे केलं. त्यानं एक घोट घेतला, बाटली परत दिली आणि बोटीकडे बघत राहिला.