सगळ्या इमारतीचा एकच मेलबॉक्स

डॉक्टर मिर्ता शनिवारी परदेशी, टँपाला मुलाकडे कायमची निघाली होती, आणि जाण्याआधी तिला एकच गोष्ट सिद्ध करायची होती: शेजारीण ओदालिसच्या नावचा तो मेल आपण दाबला नाही. बॅगा भरायच्या राहिल्या तरी चालतील, असं ती चार दिवस म्हणत होती, आणि खरंच राहिल्या होत्या.

सिएनफुएगोस शहरातल्या त्या पाच मजली इमारतीत एके काळी इंटरनेट कुणाकडेच नव्हतं. मिर्ता दातांची डॉक्टर, म्हणून तिला घरच्या फोनवरून चालणारं मेलचं खातं मिळालं होतं. झालं, एकीचं खातं साऱ्या इमारतीचं झालं. मियामीचा भाचा, माद्रिदची मावशी, सगळ्यांचे मेल मिर्ताच्याच पत्त्यावर, आणि विषयाच्या जागी लिहिलेलं, 'तिसऱ्या मजल्यावरच्या तोमासासाठी'. प्रिंटरला शाई कुठली मिळायला! मिर्ता प्रत्येक मेल कागदावर हाताने उतरवायची, ज्याच्या त्याच्या दारात नेऊन द्यायची, आणि जागा पुरत नाही म्हणून पुसून टाकायची. उत्तरं चिठ्ठ्यांवर यायची. ती रविवारी बसून टाइप करायची. वाचलेलं मनात ठेवायचं नाही, हा तिचा नेम. "मी दात बघते, तोंड लक्षात ठेवत नाही," म्हणायची.

अशात चौथ्या मजल्यावरच्या ओदालिसचा नवरा रोलांदो परदेशी, तेनेरिफेला गेला. तुला बोलावतो म्हणाला, आणि गप्प झाला. पुढे तिकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं, की त्याने सगळे कागद करून मेल पाठवला होता, बायकोचं मन नाही असं दिसल्यावर तिकडेच दुसरं घर केलं. ओदालिसने भर अंगणात विचारलं, "डॉक्टर, माझा मेल कुठे आहे?" मिर्ता म्हणाली, "आलाच नाही." त्यावर ओदालिसने तिच्याशी बोलणं जे टाकलं ते टाकलंच. आणि इमारतीने, जिने वर्षानुवर्षं फुकट टपाल पोचवून घेतलं त्या इमारतीने, ओदालिसची बाजू घेतली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? तोमासा तर मिर्ताला जिन्यात ऐकू जाईल असं म्हणायची, "स्वतःचा नवरा सोडून गेलेल्या बाईला दुसरीचा संसार बघवत नाही." अशी बारा वर्षं गेली.

तो कॉम्प्युटर वीज जाऊन परत येताना कधीच जळाला होता. पण डिस्क मिर्ताने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवली होती. आता तळमजल्यावर फोन-कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या यास्निएलने ती लावून पाहिली आणि म्हणाला, "फिरतेय अजून. मेलची फाइल मधेच फुटलीय, पण एकेक मेल वेचून काढू. पुसलेलेही येतील."

"पुसलेले कसे येतील?"

"पुसलं की नुसती खूण होते, डॉक्टर. मजकूर जागच्या जागीच असतो, फाइल आवळून मोकळी जागा काढेपर्यंत. तुम्ही कधी आवळलीच नाहीत."

ही बातमी जिन्याने वर गेली आणि अर्ध्या तासात यास्निएलच्या दाराशी रांग लागली. जो येई तो विचारी, "शेवटचं कोण?" आणि त्याच्यामागे उभा राही. कुणाला मेलेल्या भावाचे मेल हवे होते, तर कुणाला आपले मेल कुणी पाहायच्या आत नाहीसे करून हवे होते. मिर्ताने मुद्दाम निरोप धाडून ओदालिसला बोलावलं होतं. तीही आली. लोक म्हणाले, तू हो पुढे. ती म्हणाली, "मला कुणाचे उपकार नकोत. शेवटचं कोण?"

दार लोटलेलं होतं. आत मिर्ता बसली, उठली, खिडकीशी गेली, चष्मा पुसला, पुन्हा बसली. दुपारी वीज जाणार होती, आणि डिस्क मधूनच करकर करून थांबत होती.

"जरा स्वस्थ बसा हो," यास्निएल म्हणाला. "तुमच्या येरझाऱ्यांनी ती लवकर चालणार नाही."

"तुझं काय जातंय? नाव माझं गेलंय."

पडद्यावर एकेक मेल येत होता, निम्मी अक्षरं प्रश्नचिन्हं झालेला. मग यास्निएल थबकला. विषयात होतं, 'चौथ्या मजल्यावरच्या ओदालिससाठी'. खाली रोलांदो. कागद झालेत, तिकिटाची सोय झाली, तू फक्त हो म्हण.

मिर्ताने मेल पुन्हा वाचला. आला होता. बारा वर्षं ती छातीठोकपणे सांगत होती, आलाच नाही, आणि हा समोर होता. म्हणजे लोक खरं बोलत होते का? आपणच कुठे विसरलो, पाडला, की हरवला? तिला बसवेना.

"पाठवलेले मेल बघ," ती म्हणाली. "बघ लवकर."

तेही मिळालं. पुढच्याच रविवारचं, तिच्याच खात्यावरून गेलेलं, तिच्याच बोटांनी टाइप केलेलं उत्तर: 'आम्ही बऱ्या आहोत. इथून निघणं जमणार नाही. तू तुझं बघ. सान लासारो तुझं भलं करो.'

सान लासारो या संताचं नाव ओदालिस कधी घेत नसे. तिची आई एमेलिना मीठ मागायला आली तरी जाताना त्याचं नाव घेऊन जायची. आणि मग मिर्ताला दार आठवलं. चौथ्या मजल्यावरचं दार एमेलिनाच उघडायची, ओले हात पुसत कागद घ्यायची, आणि चिठ्ठीही तीच आणून द्यायची. लेक परदेशी गेली तर म्हातारी एकटी उरणार होती.

मिर्ताला आधी हसू आलं. सुटले, असं तिला वाटलं, आणि ते सगळ्या अंगात वाटलं. ती दार उघडायला उठलीच होती, तेवढ्यात ओदालिसचा नंबर आला आणि ती आत आली. तिने मिर्ताकडे पाहिलं नाही. पडद्यासमोर उभी राहून पहिला मेल वाचला, मग दुसरा. 

"घरात आम्ही दोघीच होतो," ती शेवटी म्हणाली.

"हो," मिर्ता म्हणाली.

"बाहेर काय सांगणार आहात?"

"आहे ते. सगळ्यांना आत बोलावून वाचायला लावते. तोमासाला मोठ्याने वाचायला लावते."

"नका सांगू."

मिर्ताला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"आईला आता उठवत नाही," ओदालिस म्हणाली. "मी तिला न्हाऊ घालते, भरवते. हे बाहेर गेलं तर संध्याकाळी तोमासा वर येऊन तिला तोंडावर विचारेल. मला कळलंय ते मी गिळीन. सगळ्यांना कळलं तर मला नाही गिळता यायचं. माझा हात नाही चालणार तिच्यावर पाणी ओतायला."

"आणि मी काय गिळलं इतकी वर्षं? तुला एकदा तरी वाटलं विचारावं?"

"चुकले मी तुमच्या बाबतीत. ते तुम्हाला इथे सांगते. बाहेर नाही सांगता येणार." ती थांबली. "तुम्ही शनिवारी चाललात, डॉक्टर. मला इथेच राहायचंय."

"अगं, चालले म्हणूनच ना! नावाशिवाय इथे माझं मागे राहणार काय?"

 ओदालिस तिच्यासमोर उभी होती, केस पिकलेली, हातांना साबणाने भेगा पडलेल्या. यास्निएल पाठ फिरवून वायरी गुंडाळत बसला. "मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

मिर्ता भयंकर चिडली होती. म्हातारीवर, पोरीवर, साऱ्या इमारतीवर. पण पडद्यावरचं ते उत्तर तिच्या बोटांनी गेलं होतं, हे काही केल्या पुसलं जात नव्हतं. कागद जिचा तिच्या हातात द्यायला हवा होता, दार उघडेल तिच्या नव्हे. चिठ्ठी टाइप करताना एकदा, एकदाच, विचारायला हवं होतं, ही कुणी लिहिली. नाही विचारलं.

"पुसून टाक दोन्ही," ती यास्निएलला म्हणाली. "आणि या वेळी नुसती खूण नको करूस."

तिने दार उघडलं. रांगेतल्या माना वळल्या.

"काय झालं?" तोमासाने विचारलं. "आला होता का?"

"आला होता. द्यायचा मी विसरले."

"बघा," तोमासा रांगेकडे वळून म्हणाली. "मी म्हणतच होते. आणि वर एवढी वर्षं आम्हालाच खोटं पाडत होत्या."

कुणीतरी जिभेने चक् केलं. ओदालिस मागून आली, मिर्ताच्या खांद्याला न लागता पुढे झाली आणि जिना चढून गेली. तिचा रडलेला चेहरा सगळ्यांनी पाहिला आणि त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला.

मिर्ताला अंगण ओलांडून पलीकडच्या जिन्याने घरी जायचं होतं. मान ताठ ठेवून जायचं, असं तिने चार दिवसांपासून ठरवलं होतं. पण रांगेतले सगळे बघत होते, आणि चूक कबूल केलेली बाई मान वर करून जात नाही. म्हणून तिने मान खाली घातली आणि चालू लागली.