ओ ऐकल्याशिवाय

दिवा हिरवा लागला होता आणि डिस्कवर नोंदच नव्हती.

मी आणखी एक बोल्ट आवळला. मशीन घरघरलं, टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर मोजला, हिरवा दिवा लागला. नोंदींची फाइल उघडली तर शेवटची नोंद अजून जुनीच. डिस्क मीच चाचणीसाठी मुद्दाम भरून ठेवली होती. लिहायला जागा नसताना मशीन काय करतं ते मला बघायचं होतं. ते खोटं बोलत होतं.

चाकणच्या आमच्या शेडमध्ये तयार झालेल्या या मशीनचं काम सरळ आहे. मोटरसायकलच्या ब्रेकचा बोल्ट आवळायचा, किती जोर लागला ते लिहून ठेवायचं आणि मग हिरवा दिवा दाखवायचा. दिवा बघून ब्रेक पुढे जातो, पुढे रस्त्यावर जातो. कधी एखादा ब्रेक सैल निघालाच, तर त्याच्यासारखे आणखी कोणते हे त्या नोंदीशिवाय कळायला मार्ग नाही.

चूक शोधायला वेळ लागला नाही. प्रोग्राम सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा. फाइलमध्ये लिहायला लायब्ररीत, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडच्या संचात, ‘राइट’ नावाचं फंक्शन असतं. त्याला हाक मारली की ते उत्तर देतं: एवढं लिहिलं, किंवा उणे एक, म्हणजे लिहिता आलं नाही. आमचा प्रोग्राम हाक मारत होता आणि उत्तर न ऐकताच दिवा लावत होता. प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर दर वेळी वॉर्निंग देत होता की उत्तर वापरलेलं नाही. ती ओळ इतकी रोजची झाली होती की ती कोणी वाचत नव्हतं.

मी उत्तर ऐकायची सोय केली. ‘लिहिलं’ म्हटल्यावरही मजकूर काही वेळ मेमरीतच राहू शकतो, म्हणून तो डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचीही. उत्तर वाईट आलं तर लाल दिवा, जो मशीनवर होता पण शेडमध्ये कोणी लागलेला पाहिला नव्हता. त्यामुळे प्रत्येक बोल्टमागे थोडा वेळ वाढला आणि मशीन ठरलेल्या वेगात बसेना.

शेडचे मालक रोहिदास सर, त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हसून घेतलं. ते चऱ्होलीचे. घरची शेती बिल्डरकडे गेली आणि तिच्या बदल्यात ही शेड उभी राहिली. वेगाचा शब्द त्यांनीच गिऱ्हाइकाला दिला होता आणि गिऱ्हाइकाचा माणूस दुसऱ्या दिवशी मशीन पास करायला येणार होता.

डिस्क भरायला वर्षं लागतील, म्हणाले. मी म्हटलं, डिस्क खराबही होते, केबल ढिली होते, कारखान्यात सगळंच हादरत असतं.

“म्हणजे हाक मारायची आन् ओ येईस्तोवर दारात उभं राहायचं?”

“हो.”

“आमच्या चुलत्याला हाक मारली तर दुपार जायची, मॅडम.”

शेजारी बसलेला कुलदीप खुसखुसला. तो आमच्याकडचा दुसरा प्रोग्रामर.

“पण ओ आली नसताना चुलते घरात आहेत असं तुम्ही कोणाला सांगितलं नसतं,” मी म्हटलं.

सरांचं हसू गेलं. जुना कोड परत टाका, म्हणाले, आणि ती वॉर्निंग दिसता कामा नये. कुलदीपनं उपाय सुचवला: फंक्शनच्या आधी ‘व्हॉइड’ लिहायचं. म्हणजे, मला उत्तर नको आहे आणि ते मला माहीत आहे. सरांनी ते मला लिहायला सांगितलं.

“मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा, तुमच्या लॉगिननं.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि खरंच लिहिलं. कंपाइल केलं. वॉर्निंग जागच्या जागी.

“हा पन तुमच्याच पार्टीतला निघाला व्हय?”

लायब्ररी लिहिणाऱ्यांनीच या फंक्शनवर ‘उत्तर ऐकलंच पाहिजे’ अशी खूण करून ठेवली आहे, मी सांगितलं. नुसत्या व्हॉइडनं हा कंपायलर गप्प बसत नाही. तेव्हा कुलदीप हळूच म्हणाला की या जातीच्या सगळ्या वॉर्निंग एका ओळीत बंद करता येतात. मग म्हणाला, “लॉगिन तुमचंच राहू द्या, सर.”

“बंद करायच्या तर करा,” मी म्हटलं. “मग दिव्याखाली पाटीही लावा. या दिव्याला काही माहीत नाही.”

सरांनी ती ओळ टाकली. उद्या मी आले नाही तरी चालेल, कुलदीप बघून घेईल, असं माझ्याकडे न बघता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच.

नवनाथ म्हणून गिऱ्हाइकाकडचे क्वालिटीचे इन्स्पेक्टर आले होते. रावेतहून निघून ट्रॅफिकमध्ये अडकलेले, त्यामुळे घाईत. बोल्ट आवळले गेले, दिवे हिरवे लागले, चहा झाला. सर एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. नवनाथ साहेबांनी सहीसाठी पेन काढलं.

“साहेब, एकदा डिस्क भरलेली असताना बघा,” मी म्हटलं.

सर कप हातात धरून तसेच राहिले. मी कीबोर्ड पुढे ओढला, डिस्क भरली आणि साहेबांनाच बोल्ट आवळायला सांगितलं. हिरवा दिवा लागला.

“छान की,” ते म्हणाले.

“आता या बोल्टची नोंद दाखवायला सांगा.”

कुलदीपनं फाइल उघडली, तळाला गेला आणि माउसवरचा हात काढून घेतला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. यावर इलाज आहे का, विचारलं. आहे, मी म्हटलं, पण मशीन सावकाश चालेल. किती सावकाश तेही सांगितलं. लाइनचा वेग त्यांच्या हातात नव्हता. वर विचारून कळवतो, म्हणाले, आज मात्र सही नाही. आणि निघाले.

सर एका पालथ्या क्रेटवर बसले.

“उद्या येऊ नका म्हनलं, तर येनार का न्हाई?”

“येणार.”

“व्हय. आजबी आलाच की.”

त्यांची परवानगी मी मागितली नाही. माझा कोड चढवला. डिस्क अजून भरलेलीच होती. बोल्ट आवळला आणि लाल दिवा लागला.

सर मान वर करून त्याच्याकडे बघत राहिले.

“चालतोय व्हय हा,” ते म्हणाले. “मला वाटलं, वायरच जोडली न्हाई.”